झाड वाढव

“पपई नको, अननस नको. बाकी काय लावायचं ते लाव,” असं म्हणून जिजींनी फळांची पिशवी माझ्यापुढे ठेवली, स्वयंपाकघराकडे निघाल्या आणि दारातूनच परत फिरल्या. “द्राक्षं आंबट निघाली तर सांग. बदलून आणते.”

“जिजी, ती खायची कुठेत? टोचायची आहेत.”

“टोचायची म्हणू नये आज. लावायची म्हण.”

जिजी म्हणजे माझ्या सासूबाई. सांगलीच्या त्या घरात लग्न होऊन येऊन मला सहा-सात महिने झाले होते आणि त्यातला निम्मा वेळ काय म्हणू नये हे शिकण्यातच गेला होता. घरातून निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं. कुंकू संपलं म्हणायचं नाही. दिवा विझवायचा नाही, शांत करायचा. माझ्या माहेरी, म्हणजे सुभेदार भोईट्यांच्या क्वार्टरमध्ये, दिवे सरळ विझायचे, तेल संपायचं आणि बाबा ‘जातो गं’ म्हणून जायचे. मी पहिलीत असतानाच आई वारली. त्यानंतर घरात बाईमाणूस असं मीच. बाबा पलटणीच्या मेसमध्ये, आज जबलपूर तर उद्या पठाणकोट. हौसेनं त्यांनी माझं नाव रणगाड्यावरून ठेवलेलं, विजयंता. अशा बापाकडून मराठी शिकलेल्या मुलीला बायकांची भाषा कुठून येणार? जिजी हे जाणून होत्या, पण चूक सुधारल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. लग्न आमचं आम्ही जमवलेलं, त्यामुळे मीही दर वेळी ‘बरं’ म्हणायची आणि मनातल्या मनात चरफडायची.

फळांचं झाड ही बाबांचीच विद्या. पलटणीत बडाखाना असला की मधल्या टेबलावर त्यांचं झाड उभं राहायचं आणि लोक जेवण सोडून आधी ते बघायला यायचे. शलाकाताईच्या डोहाळजेवणाला मी तसं झाड करते, असं मी एकदा बोलून गेले, तर जिजी चक्क ‘कर’ म्हणाल्या. श्रीरंग, माझा नवरा, सकाळी ऑफिसच्या कामाला कोल्हापूरला निघताना मला हळूच म्हणाला, “जपून हं. आईनं पहिल्यांदाच काहीतरी तुझ्या हातात दिलंय.” जसं काही मला ते ठाऊकच नव्हतं.

पण त्या दिवशी घरात कुणाचाच जीव थाऱ्यावर नव्हता. शलाकाताई माझी मोठी नणंद, भिलाईहून बाळंतपणाला आलेली. घरात मला पहिल्या दिवशी ‘मला अहोजाहो करू नकोस बाई’ म्हणणारी ती एकटी. तिची ही तिसरी खेप. आधी दोन्ही वेळा मूल हाती लागलं नव्हतं. दुसऱ्या वेळी तर सातव्या महिन्यात हॉल घेऊन डोहाळजेवण झालं, झोपाळ्यावर बसवून फोटो काढले आणि पंधरवड्यात सगळं आटोपलं. ते फोटो जिजींनी कपाटात साड्यांच्या खाली दडवून ठेवले होते. या खेपेला ताईला काहीच करायला नको होतं आणि जिजींना सातवा महिना कोरडा जाऊ द्यायचा नव्हता. शेवटी घरातल्या घरात, शेजारपाजारच्या पाच सवाष्णी बोलावून उरकायचं ठरलं. दोघी एकमेकींच्या समाधानासाठी कबूल झाल्या होत्या आणि धीर दोघींनाही नव्हता.

टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल कापून मी निमुळता शंकू केला होता. तो लाल भोपळ्यावर बसवला, भोपळा पितळी परातीत. आता खालून वर लावत जायचं. तळाशी संत्री आणि पेरू, मग चिकू, त्याच्यावर बोरं आणि द्राक्षं, मधल्या फटींतून आंब्याची कोवळी पानं. टूथपिक वरच्या अंगाला तिरकी खुपसायची, नाहीतर फळ आपल्याच वजनानं घसरत येतं.

शलाकाताई समोरच्या खुर्चीवर बसली. मग उठून पलंगावर बसली. मग खिडकीशी जाऊन उभी राहिली. मग स्वयंपाकघरातून पाण्याचा पेला घेऊन आली, त्यात तळाला साखर दिसत होती.

“बस ना गं एका जागी,” मी म्हटलं. “तुझ्या फेऱ्यांनी माझं झाड हलतंय.”

“तुझं झाड तरी हलतंय,” ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. चिकू हातात धरून मी तशीच बघत राहिले.

“विजू, सकाळपासून हललं नाहीये गं. काल रात्रीपासूनच कमी होतं. साखरपाणी झालं, कुशीवर झोपून झालं, गार पाणी पिऊन झालं. काही नाही.”

“चल, जिजींना सांगू.”

“आईला सांगू नकोस. शप्पथ आहे तुला. मागच्या वेळी माझ्या आधी तीच चक्कर येऊन पडली होती. बायका येऊ देत, ओटी भरू देत, संध्याकाळी आपण दोघी गुपचूप दाखवून येऊ. झोपलं असेल कदाचित.”

“संध्याकाळपर्यंत थांबायचं?”

“तू झाड लाव,” असं म्हणून तिनं बोरांची वाटी माझ्या हातात दिली.

मी एक बोर लावलं. दुसरं लावताना टूथपिक माझ्याच बोटात गेली. त्या घरात आपलं म्हणावं असं माझं एकच माणूस होतं आणि त्यानंच मला शप्पथ घातली होती. ती मोडली तर ती पुन्हा माझं तोंड बघणार नाही, हे मला दिसत होतं. आणि नाही मोडली तर काय होईल, तेही दिसत होतं. मी वाटी टेबलावर ठेवली आणि स्वयंपाकघरात गेले.

जिजी ओल्या नारळाच्या करंज्या तळत होत्या. मी सांगितलं. त्यांनी उलट एक प्रश्न केला नाही. कढईतला घाणा काढला, गॅस बंद केला, हात पुसले आणि बाहेर आल्या.

ताईनं आईचा चेहरा बघितला, मग माझा.

“सांगितलंस ना,” ती म्हणाली. रिक्षा येईपर्यंत तिनं माझ्याशी दुसरं अक्षर काढलं नाही. मी तिच्या चपला पुढे करून ठेवल्या, तर तिनं त्या बाजूला सारून जिजींच्या घातल्या.

जिजी तिला धरून उंबऱ्यापर्यंत गेल्या आणि तिथं थबकून मागे वळल्या. माझ्याकडे नाही, टेबलाकडे बघितलं. झाड तोवर निम्मंअधिक झालं होतं.

“विजू, ते झाड वाढव.”

“आत्ता?”

“आत्ताच्या आत्ता. मी परत येईन तेव्हा ते मला असं दिसायला नको.”

“मी येते ना तुमच्याबरोबर.”

“तू घरी थांब. झाड वाढव.”

कुंपणापाशी त्या शेजारच्या घाणेकर वहिनींशी दोन शब्द बोलल्या आणि रिक्षा गेली.

मी खुळ्यासारखी उभी. पोटच्या पोरीला दवाखान्यात नेताना या बाईला झाड मोठं करायचं सुचतंय? मग वाटलं, नवस असेल. या घरातलं मला कुठे सगळं कळतं? कुणाचा अंगारा असतो, कुणाचा धागा असतो, जिजींचं झाड असेल. त्या परत येईपर्यंत झाड वाढलेलं असलं की तिकडे ताईचंही... पुढचं मी मनातसुद्धा बोलले नाही. इतकं त्या घरानं मला एव्हाना शिकवलं होतं. आणि खरं सांगायचं तर हाताला काम हवं होतं, नाहीतर मी रिक्षाच्या मागे पळत सुटले असते.

पिशवीतली उरलेली फळं बघता बघता लागली. डब्यातली लिंबं लावली, देवापुढचं डाळिंब उचललं. शंकूला जागा उरली नाही तेव्हा परसात जाऊन तोंडल्याच्या मांडवाच्या बांबूच्या काठ्या उपसल्या, भोपळ्यात खोचल्या, सुतळीनं बांधून त्यांच्या फांद्या केल्या. आता फांद्या झाल्या आणि फळं नव्हती. मग घाणेकरांच्या दारात गेले. वहिनी पाच सवाष्णींतल्याच एक, जिजींपेक्षा थोड्या लहान.

“वहिनी, घरात फळं आहेत? जिजींनी झाड वाढवायला सांगितलंय.”

“सांगणारच,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. “अशा वेळी कोण ठेवेल बाई ते...” आणि थांबल्या. “फळं कशाला?”

“वाढवायला. माझ्याकडची संपली.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हात कोपरापर्यंत चिकट, बोटाला रक्त, केसात आंब्याचं पान, अशा अवतारात मी उभी. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

“थांब,” त्या म्हणाल्या. “मागचा पेरू लगडलाय. शिडी आणते.”

बाकीच्या बायकांना वहिनींनी आज काही नाही म्हणून निरोप धाडला, तरी दोघी-तिघी आल्याच, ओटीला आणलेली फळं पदराआड घेऊन. बघतात तर मी स्टुलावर चढलेली.

“हे काय गं?” एकीनं विचारलं.

“जिजी सांगून गेल्यात, झाड वाढव म्हणून,” मी वरूनच म्हटलं.

त्या एकमेकींकडे बघू लागल्या. वहिनींनी त्यांना डोळ्यांनी काहीतरी खुणावलं. मग कुणी काही विचारलं नाही. एक बसून पानं निवडायला लागली, दुसरी द्राक्षांच्या घोसांना दोरे बांधायला. घरात टेलिफोन होता, त्याच्याकडे सगळ्यांनी पाठ केली होती आणि कान सगळ्यांचे तिकडेच होते. मध्ये कुणाची तरी बांगडी किणकिणली तर आम्ही सगळ्या दचकलो. पाणी प्यायला म्हणून उठायचं, दारापर्यंत जायचं, रस्त्याला बघायचं आणि तहान विसरून परत यायचं, असं चाललं होतं.

उन्हं उतरली तेव्हा झाड एका अंगाला कललं. सगळ्या जणी चटकन उठून उभ्या राहिल्या, एकीनं तर देवाचं नाव घेतलं. मी दोन्ही हातांनी बुंधा धरला. पलटणीत एकदा असंच ऐन वेळी बाबांचं झाड कललं होतं आणि मी घाबरून वरची फळं काढायला लागले होते. ‘वरचं काढायचं नाही बेटा,’ बाबा म्हणाले होते, ‘समोरच्या बाजूनं खाली भर घाल.’

“नारळ द्या,” मी म्हटलं. “ओटीचे सगळे नारळ इकडे द्या.”

परातीत उलट्या बाजूला नारळ रचले, तसं झाड कुरकुरत सरळ झालं. पंखा केव्हाच बंद केला होता, कारण शेंडा पात्यांना लागत होता. घामानं सगळ्यांचं कुंकू ओघळलं होतं.

दिवेलागणीला रिक्षा वाजली. जिजी एकट्याच उतरल्या. आम्हांला वाटलं, संपलं.

“ठोके लागलेत,” जिजी दारातूनच म्हणाल्या. “पण मंद आहेत म्हणे. ठेवून घेतलंय, सकाळपर्यंत बघायचं. तिला काही अजून जाणवत नाही. मी कपडे न्यायला...”

आणि त्यांनी वर बघितलं. झाड टेबलावरून निघून पंख्याला भिडलं होतं. संत्री, पेरू, चिकू, बोरं, द्राक्षांचे घोस, लिंबं, कुणाच्या तरी बागेतले आवळे, आणि सगळीकडून पानं.

“हे काय आहे?”

“झाड,” मी म्हटलं. “वाढवलं.”

“मी काय सांगितलं होतं तुला?”

“झाड वाढव.”

“वाढव म्हणजे काय?”

“म्हणजे... मोठं कर.”

मागे कुणीतरी खोकलं. जिजी माझ्यावरून नजर काढून घाणेकर वहिनींकडे वळल्या. “हिचं सोडा. तुम्हाला तर कळायला हवं होतं.”

“कळलं होतं,” वहिनी म्हणाल्या. “पण मग हिला ‘मोड’ म्हणून सांगावं लागलं असतं. आज या घरात उभं राहून तो शब्द काढायला माझी जीभ रेटेना, जिजी.”

मोड. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. बांगडी फुटली की ती वाढवली, दुकान बंद केलं की ते वाढवलं, नारळ फोडला की तो वाढवला. नारळ वाढवल्याचं मी ऐकलं होतं, पण मला वाटायचं, देवाला वाढला, जेवायला. जे झाड त्या माऊलीला डोळ्यांपुढे नको होतं, ते मी छताला नेऊन भिडवलं होतं, तेही शेजारणी गोळा करून. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं मला झालं.

“आत्ता काढते,” मी म्हटलं आणि स्टुलाकडे धावले.

“हात लावू नकोस.”

जिजी खुर्चीत बसल्या. दुपारी ताई जिथं बसली होती, तीच खुर्ची.

“मागच्या वेळचे ते झोपाळ्याचे हार मीच काढले होते,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातांनी. या वेळी मला ते झेपलं नसतं, म्हणून तुझ्यावर टाकून गेले. आत्ता येताना सबंध वाटभर मला तेच दिसत होतं. घरी जायचं आणि मोडलेलं झाड बघायचं.” मोडलेलं, असं त्यांनी सरळ म्हटलं. “मलाही सरळ सांगता आलं असतं ना तुला, मोड म्हणून. जीभच वळली नाही. बरं झालं बाई, नाही वळली ते.”

आणि त्या रडायला लागल्या. मी त्यांच्यापाशी खाली बसले. त्यांनी माझा तो चिकट हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि किती तरी वेळ सोडला नाही. त्या घरात आल्यापासून त्यांनी माझा हात धरला तो त्या दिवशीच.

मग पदरानं तोंड पुसून त्या उठल्या. “या बायका दुपारपासून उपाशी असतील. विजू, आता वाढ.”

मी जागची हलले नाही. “म्हणजे नक्की काय करू?”

“ताटल्या घे आणि करंज्या वाढ,” जिजी म्हणाल्या. “खायला.”

आख्ख्या दिवसात पहिल्यांदा कुणीतरी हसलं.

जिजी कपडे घेऊन परत दवाखान्यात गेल्या. रात्री श्रीरंग आला, झाडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न विचारता जेवायला बसला. सकाळी मी डबा घेऊन दवाखान्यात पोचले. जिजी खाली औषधं आणायला गेल्या होत्या. ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. पावलांवरून तिनं मला ओळखलं असावं, कारण वळली नाही.

“झाड वाढवलंत?” तिनं भिंतीलाच विचारलं. दारातलं आईचं बोलणं तिनं ऐकलेलं होतं.

“वाढवलं.”

“बरं केलंत. या वेळी ते फोटो तरी नाहीत.”

“ताई,” मी म्हटलं, “पंख्यापर्यंत वाढवलंय.”

ती हळूहळू कुशीवर वळली. “म्हणजे?”

मी सांगितलं. तोंडल्याचा मांडव उपटल्याचं सांगितलं, घाणेकर वहिनी या वयात शिडीवर चढल्याचं सांगितलं, ओटीचे नारळ कामाला लावल्याचं सांगितलं. जिजींनी ‘वाढव म्हणजे काय’ विचारलं आणि मी परीक्षेला बसल्यासारखी ‘मोठं कर’ म्हणाले, ते सांगितलं. तोवर तिच्या ओठांच्या कडा हलायला लागल्या होत्या. देवाला वाढलेल्या नारळाशी आले, तशी तिला उबळ आली. ती हसायला लागली, आणि एकदा लागली ती थांबेना. पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बघायला लागली. ताई डोळ्यांतून पाणी काढत हसत होती, पोट धरून हसत होती, आणि एकाएकी थांबली.

तिच्या चेहऱ्यावरचं सगळं हसू गेलं होतं आणि ती कुठेतरी आतच कान लावल्यासारखी बघत होती. मग तिनं माझं मनगट घट्ट पकडलं आणि माझा हात पोटावर ठेवला.

आधी काही नाही. मग आतून धक्का आला, चांगला सणसणीत, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा. तो धक्का देणारी आज बंगलोरला नोकरी करते आणि तिचा स्वभाव अजूनही तसाच आहे.

“आईला सांग,” ताई म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. “विजू, जा ना गं. आईला सांग.”

मी उठले, पळत दारापर्यंत गेले आणि तिथं थांबून मागे वळले. ती हात पोटावर ठेवून माझ्याकडेच बघत होती.

“येते,” मी म्हटलं, आणि जिना उतरले.